संपादन की अधिग्रहण? नेवाळीच्या धावपट्टीचा न मिटलेला प्रश्न

१/
मोहोळहून मुंबईकडे निघालेली गाडी कुर्डुवाडी, दौंड, पुणे ओलांडून बोरघाट उतरते आणि कर्जत, बदलापूर, अंबरनाथ मागे टाकत कल्याणला पोहोचते. या शेवटच्या टप्प्यात डाव्या हाताला मलंगगडाचे सुळके दिसतात. त्या गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेवाळी हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्करी विमानतळ उभा राहिला. युद्ध १९४५ मध्ये संपले. या जमिनीवरचा वाद मात्र अद्याप संपलेला नाही. हा धागा त्या वादाविषयी आणि सरकारी कागदावरच्या एका शब्दाविषयी.

२/
प्रथम काळ समजून घेऊ. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून. ५ एप्रिलला जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम व काकीनाडा येथे बाँब पडले. ज्या साम्राज्याची सारी नजर वायव्य सरहद्दीवर होती, त्याला एकाएकी पूर्वेकडून आणि समुद्राकडून धोका दिसू लागला. हिंदुस्थानात दोनशेहून अधिक विमानतळ बांधण्याची योजना घाईघाईने हाती घेण्यात आली. मुंबई बंदराच्या पाठीशी असलेला कल्याणचा सपाट, रेल्वेलगतचा प्रदेश या घाईतून सुटणे शक्य नव्हते.

३/
विमानतळाला जमीन लागते, आणि ती मिळवण्याचे सरकारपुढे दोन मार्ग होते. पहिला १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा : अधिसूचना, चौकशी, निवाडा, मोबदला आणि शेवटी कायमची सरकारी मालकी. दुसरा १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याचा. त्याखालील नियम ७५-अ नुसार सरकार कोणतीही मालमत्ता युद्धकार्यासाठी ताब्यात घेऊ शकत असे. पहिल्याला म्हणतात संपादन, दुसऱ्याला अधिग्रहण. संपादनात मालकी जाते; अधिग्रहणात ताबा जातो, मालकी राहते. बोलीभाषेत, आणि आता वृत्तपत्रांतही, हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. नेवाळीचा सारा प्रश्न मात्र या दोन शब्दांमधल्या अंतरातच अडकला आहे.

४/
नेवाळी, भाल आणि आसपासच्या गावांची मिळून सुमारे १,६०० एकर जमीन १९४२ च्या सुमारास विमानतळासाठी घेतली गेली. ही भातशेतीची जमीन होती. पावसाळ्यातल्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबांचा बांध, खाचर आणि खळे सारेच तिच्यात गेले. त्यांच्या दृष्टीने युद्ध लांबच्या देशात चालले होते. पण त्याची पहिली झळ त्यांच्याच सातबाऱ्याला लागली.

५/
युद्धानंतर अशा लष्करी जागांचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी १९३९ मध्ये उभारलेले पुण्याचे लोहगाव आजही हवाई दलाचे ठाणे आहे आणि शहराची नागरी विमानेही तेथूनच उडतात. युद्धात ब्रिटिश हवाई दलाने वापरलेले सांताक्रूझ मुंबईचा मुख्य विमानतळ बनले. दोन्ही ठिकाणी जुन्या धावपट्टीला नवे, सर्वांना दिसणारे सार्वजनिक काम मिळाले.

६/
सर्वांत बोलका दाखला मात्र नेवाळीच्या शेजारचाच आहे. युद्धकाळात कल्याणजवळ सैनिकांची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास एक लाख निर्वासितांना त्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे नामकरण झाले : उल्हासनगर. तेथील लोक आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असेच म्हणतात. छावणीचे शहर झाले आणि युद्धाची खूण संसारी माणसांच्या बोलण्यात उरली.

७/
नेवाळीच्या वाट्याला असे दुसरे आयुष्य आले नाही. धावपट्टी ओस पडली, विमाने येईनाशी झाली. जमीन संरक्षण खात्याच्या दप्तरी राहिली आणि पुढे नौदलाच्या ताब्यात आली. दरम्यान अनेक शेतकरी तेथे पूर्वीप्रमाणे भात पिकवत राहिले. कागद एक सांगत होता, नांगर दुसरे. हा विरोध कित्येक दशके कोणालाच सोडवावासा वाटला नाही, कारण तोवर त्या जमिनीला फारसा भाव नव्हता. मग मुंबई कल्याणच्याही पलीकडे पसरली.

८/
नौदलाने संरक्षक भिंत बांधायला घेतली तेव्हा हे सोयीचे मौन फुटले. २२ जून २०१७ रोजी, ऐन पेरणीच्या दिवसांत, शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले. रस्ते अडवले गेले, पोलिसांची वाहने जाळली गेली, पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या. ग्रामस्थ आणि पोलीस दोघेही जखमी झाले. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या एका कागदाचा हिशोब स्वतंत्र भारताच्या पोलिसांनी आणि स्वतंत्र भारताच्या शेतकऱ्यांनी एकमेकांच्या रक्ताने मांडला. हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही. पण तिच्यामागचे कारण त्या एका दिवसात जन्मलेले नव्हते.

९/
शेतकऱ्यांचे म्हणणे असे की जमीन युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपल्यावर ती परत मिळायला हवी होती. संरक्षण खात्याचे म्हणणे असे की जमीन सरकारची आहे आणि तिचे रक्षण करणे हे खात्याचे कर्तव्य आहे. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. कोणते खरे, हे घोषणांवरून ठरत नाही आणि देशभक्तीच्या मोजपट्टीनेही ठरत नाही. संपादन झाले होते की अधिग्रहण, एवढाच खरा प्रश्न आहे.

१०/
कायद्याचा प्रवास येथे महत्त्वाचा ठरतो. युद्धकाळातली अधिग्रहणे १९४७ च्या कायद्याने पुढे चालू ठेवली आणि १९५२ च्या स्थावर मालमत्ता अधिग्रहण व संपादन कायद्याने आपल्या कक्षेत घेतली. १९७० च्या दुरुस्तीने अधिग्रहणाला कालमर्यादा घातली. ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि अखेर १९८७ मध्ये संपली. एच. डी. व्होरा खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की अधिग्रहण हे स्वभावतःच तात्पुरते असते. कायमची गरज असेल तर सरकारने रीतसर संपादन करावे.

११/
२०२० चा एक निकाल याहून थेट आहे. बंगळुरूतील काही जमीन संरक्षण कामासाठी १९६३ मध्ये अधिग्रहित झाली होती. १९८७ मध्ये मुदत संपली, ताबा मात्र सुटला नाही. तेहतीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन तीन महिन्यांत मूळ मालकांना परत करण्याचा आदेश दिला. मात्र हा निकाल नेवाळीला आपोआप लागू होत नाही. तेथे १८९४ च्या कायद्याने निवाडा होऊन मोबदला दिला गेला असेल, तर जमीन सरकारचीच ठरते आणि मूळ हेतू संपला म्हणून परत मागण्याचा हक्क उरत नाही.

१२/
ज्या सत्तेने नेवाळीची जमीन घेतली, तिच्या स्वतःच्या देशात काय घडले? डॉर्सेट परगण्यातील क्रिचेल डाऊन येथील ७२५ एकर जमीन १९३८ मध्ये हवाई खात्याने बाँबफेकीच्या सरावासाठी सक्तीने विकत घेतली. युद्धानंतर ती मूळ घराण्याला न देता कृषी खात्याकडे वळवण्यात आली. तक्रार झाली, जाहीर चौकशी झाली आणि जुलै १९५४ मध्ये कृषिमंत्री थॉमस डगडेल यांनी राजीनामा दिला. तेथे तर रीतसर खरेदी झाली होती, तरीही गरज संपलेली जमीन प्रथम जुन्या मालकाला देऊ करावी, हे तत्त्व पुढे रूढ झाले.

१३/
यावर एक आक्षेप हमखास येतो : जमीन परत दिली तर ती उद्या बांधकाम व्यावसायिकांच्या घशात जाईल. भीती निराधार नाही. पण मालक आपल्या जमिनीचे पुढे काय करील, यावरून ती त्याची आहे की नाही हे ठरत नाही. दुसरा आक्षेप संरक्षणाच्या गरजेचा. ती गरज खरी असेल तर आजच्या कायद्याने, आजच्या मोबदल्याने ती मांडता येते. न्यायाने घेतलेली भूमी सैन्यालाही अधिक भक्कम आधार देते.

१४/
म्हणून पहिली मागणी जमिनीची नव्हे, दप्तराची असावी. १९४२ ची अधिसूचना, निवाडा, मोबदल्याची वही, फेरफार नोंदी आणि युद्धानंतरचे हस्तांतराचे आदेश हे सारे सरकारने गावोगाव, मराठीत, जाहीर करावे. कागद शेतकऱ्यांच्या बाजूचा निघाला तर जमीन किंवा तिचे मोल द्यावे. सरकारच्या बाजूचा निघाला तर तेही लोकांना वाचून दाखवावे. पंचाहत्तर वर्षे बंद राहिलेल्या दप्तरावर कोणाचाच विश्वास बसत नाही.

१५/
इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांसाठी यात एक काम आहे. किल्ले आणि लढाया यांच्याइतकाच इतिहास तलाठी कार्यालयातील जुन्या फेरफारांतही असतो. मोहोळ-पंढरपूर पालखी मार्गासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या घरी ‘संपादन’ हा शब्द अजून ताजा आहे. त्या घरांतील नोटिसा आणि पावत्या आज जपल्या गेल्या, तर पंचाहत्तर वर्षांनी कोणाच्या नातवाला रस्त्यावर उतरावे लागणार नाही.