दाढेला कॅप बसवण्याआधी



बियाणे आणि औषधे घेताना काय पाहावे, हे या सदरात आपण नेहमी बोलतो. आजचा विषय दाढेवर बसवायच्या कॅपचा. शेतीखात्यातला माणूस दातांवर कसा, असे वाटेल. पण हाही खरेदीचाच व्यवहार आहे, आणि तो आपण दुखण्याच्या भरात, न विचारता करतो.

आपल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातली माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर गेली. गलाईवाला झळाळी पाहून भाव करीत नाही; आधी कस पाहतो. कॅपचाही कस असाच पाहावा.

कॅप म्हणजे दाताच्या वरच्या भागावर बसवलेले टोपण. रूट कॅनाल केलेली, तडा गेलेली किंवा बरीच किडलेली दाढ कमकुवत झालेली असते. चावताना ती फुटू नये म्हणून कॅप घालतात. त्यासाठी दात चहूबाजूंनी साधारण 1 ते 2 मिलिमीटर घासावा लागतो. ऊस तोडला की खोडवा फुटतो. दाताला खोडवा नाही. घासलेला भाग परत येत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा : "कॅप लागेलच का, की नुसते भरून भागेल?" कीड लहान असेल तर पुष्कळदा भरून भागते.

दुसरा प्रश्न पायाचा. ओल्या भिंतीला गिलावा टिकत नाही. मुळाशी पू असेल, हिरड्या सुजून दात हलत असेल, तर वर कॅप घालून उपयोग नाही. एक्स-रे काढून मुळे आणि हाड ठीक आहे का, ते विचारावे. घरातल्या बायका मिश्री लावत असतील तर ती आधी सोडावी. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्या तर जातातच, तोंडाच्या कर्करोगाचाही धोका असतो.

तिसरा प्रश्न मालाचा. नुसत्या धातूची कॅप मजबूत व स्वस्त, पण दिसायला धातूची. मागच्या दाढेला चालते. धातूवर चिनीमातीचा थर असलेली कॅप दातासारखी दिसते. मात्र तो थर कधी टवका उडून निघतो. झिर्कोनियाची कॅप पांढरी आणि टणक, पण महाग. खोट्या दागिन्यांनी कानाला खाज सुटत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे. काही कॅपांच्या धातूत निकेल असते आणि ते अशा माणसाला सोसत नाही. साखर, रक्तदाब, रक्त पातळ करण्याची गोळी, हृदयाचे दुखणे, गरोदरपण, यांतले काही असल्यास तेही आधीच सांगावे.

चौथा प्रश्न खर्चाचा आणि खेपांचा. रूट कॅनाल व कॅप मिळून एकूण किती रुपये, किती वेळा यावे लागेल, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. पावतीवर कॅपचा प्रकार लिहून घ्यावा. डॉक्टर नोंदणीकृत असावा; 1948 च्या दंतवैद्यक कायद्यापासून नोंदणीचा नियम आहे. जत्रेत बसून दात बसवणाऱ्याच्या नादी लागू नये. खर्च झेपत नसेल तर सांगलीला भारती विद्यापीठाचे आणि कराडला कृष्णा विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करावी. अशा ठिकाणी खेपा जास्त होतात, पण खर्च सहसा कमी येतो.

आता सर्वात महत्त्वाचे. रूट कॅनाल झाले की ठणका थांबतो. मग "कॅपचे सुगी झाल्यावर बघू" म्हणून काम तसेच राहते. पुढे एखाद्या दिवशी भाकरीतला खडा लागून दाढ उभी चिरते आणि काढावीच लागते. केलेला खर्च मातीत जातो. दाढ काढली की शेजारचे दात त्या जागेकडे कलतात, समोरचा दात लांबतो. म्हणून काम सुरू करतानाच कॅपचे पैसे आणि दिवस राखून ठेवावेत.

माप दिल्यावर पक्की कॅप यायला आठ-पंधरा दिवस लागू शकतात. तोवर तात्पुरती कॅप असेल तर त्या बाजूने चिक्की, ऊस खाऊ नये. पक्की बसवताना दात मिटून पाहावेत. उंच लागत असेल तर भिडस्तपणा न करता तिथेच सांगावे. कॅप नीट राखली तर दहा-पंधरा वर्षेही जाते.

कॅपला कीड लागत नाही. तिच्या कडेखालच्या दाताला मात्र लागते. म्हणून सकाळी आणि रात्री ब्रश हिरडीच्या कडेने फिरवावा. आणि घरातली म्हातारी भाकरी दुधात कुस्करून खायला लागली असेल, तर वयाचे कारण देऊन गप्प बसू नका. एकदा तिचे तोंड उघडून पाहा, आणि तिला दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.