मुंबईत उतरायचे कोठे?

आजच्या अग्रलेखाचा मथळा पाहून आमच्या काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. कांद्याचा भाव आहे, गोदावरीच्या पाण्याचा तंटा आहे, २०२७ चा सिंहस्थ आहे. हे सारे बाजूला ठेवून संपादकांनी मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांची उठाठेव का करावी? आमचे उत्तर एवढेच की, हा प्रश्न सायखेड्याच्या एका द्राक्ष बागाईतदाराने आम्हांला विचारला आहे, आणि विचारताना त्याचा आवाज अडखळला. त्या अडखळण्यासाठी आम्ही ही जागा खर्ची घालीत आहो.

निफाड तालुक्यातले, गोदाकाठचे सायखेडा आमच्या बहुतेक वाचकांना वर्षातून एकदाच आठवते. नदीला पूर आला की चांदोरी-सायखेड्याचे नाव पहिल्या पानावर येते. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये असेच आले होते. पूर ओसरला की नावही ओसरते. वृत्तपत्रव्यवसायात पडण्यापूर्वी काही वर्षे आम्ही त्या बाजूला शाळामास्तरकी केली आहे. तेव्हाचा आमचा हा विद्यार्थी. आज त्याची द्राक्षे न्हावा शेवा बंदरातून युरोपात जातात. येत्या हंगामात त्याचे दोन परदेशी खरेदीदार मुंबईत उतरणार, दोन रात्री राहणार आणि मग बाग पाहण्यास सायखेड्याला येणार. त्यांच्याच हॉटेलात आपणही उतरावे, त्यांना एक वेळ जेवू घालावे, असे याच्या मनात आहे. मुलाने तीन नावे काढून दिली आहेत: अपोलो बंदरचे ताजमहाल, नरिमन पॉइंटचे ओबेरॉय आणि सहारचे आयटीसी मराठा. “सर, तिघांपैकी कोणते?” असे त्याने विचारले. मग थोडे थांबून, आवाज खाली घेऊन म्हणाला, “आणि नानांना बरोबर न्यावे का? धोतर-टोपीतले माणूस. दारात कोणी काही बोलले तर?”

बागेतली पहिली वेल ज्यांनी लावली ते हे नाना. म्हणून दुसरा प्रश्न आधी घेऊ.

दार कोणासाठी उघडायचे, हा वाद नाशिकला नवा नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेला सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षे चालला, हे या शहरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने ज्या संविधानाचा मसुदा तयार केला, त्याच्या १५ व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम फारसे कोणी वाचत नाही. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे येथे केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला मज्जाव करता येणार नाही, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. हॉटेल हा शब्द संविधानात आहे, तो उगीच नाही! तथापि त्या यादीत पोशाख नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नेमक्या याच फटीतून जुनी उच्चनीचता नव्या रूपाने आत शिरते. जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलने पंचा नेसलेल्या वृद्ध शेतकऱ्याला दारात अडवले. गवगवा झाल्यावर कर्नाटक सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. सात दिवसांनी दार उघडले असेल, पण दाराशी उभ्या राहिलेल्या त्या माणसाच्या मनातले काय?

आणि दरवानाला तरी एकट्याला दोष का द्यावा? वडिलांना न्यावे की नाही ही शंका दरवानाच्या आधी मुलाच्या मनात उत्पन्न झाली. आम्ही शिकलेल्या लोकांनी खेड्यातल्या बापाची टोपी किती ठिकाणी लपवली, याचा हिशेब मांडला तर पाने पुरणार नाहीत. आमचा सल्ला असा की, नानांना न्यावेच, आणि त्यांच्यावरूनच हॉटेल पारखावे. तिन्ही ठिकाणी दूरध्वनी करून सरळ विचारावे: वडील धोतर-टोपीत येणार, पायात कोल्हापुरी असणार; कोठे अडचण आहे का? संध्याकाळच्या काही भोजनगृहांत पुरुषांच्या पायात चपला चालत नाहीत, असा नियम असू शकतो; तो आधीच कळलेला बरा. मात्र खरे ऐकायचे ते पलीकडच्या माणसाचा सूर. त्याने ‘अवश्य आणा’ म्हणायला किती वेळ लावला, यावरून जे कळेल ते त्या हॉटेलच्या शंभर रंगीत छायाचित्रांवरून कळणार नाही.

वास्तविक मुंबईत उतरायचे कोठे, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांना पडतच नसे. गिरगावात मामा असे, त्याच्या चाळीच्या गॅलरीत पथारी पसरली की झाले. थोर पुढाऱ्यांचीही ठिकाणे ठरलेली असत. लोकमान्य मुंबईस आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. उलट बाहेरचा यात्रेकरू नाशकात आला की, वहीत ज्याच्या कुळाची नोंद त्या उपाध्यायाच्या घरी उतरे. निवड माणूस करीत नसे, नाते करी. आता नाते राहिले नाही, निवड आली. आणि निवड करायला हाती काय, तर पाटीवरचे नाव आणि तारे.

त्या पाटीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण सुशिक्षित माणूसही येथे फसतो. पाटीवर ज्याचे नाव, इमारत त्याचीच असते असे नाही. बांधणारा धनी एक, चालविणारी साखळी दुसरी आणि नाव कधी तिसऱ्याच मुलखातले, असा हा संसार असतो. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात उभे राहिलेले हॉटेल २०१२ साली शांग्री-ला म्हणून उघडले, वर्ष उलटण्याच्या आत पॅलेडियम झाले, आणि २०१५ पासून त्याला सेंट रेजिस म्हणतात. भिंती त्याच, खिडकीतून दिसणारा समुद्र तोच. नरिमन पॉइंटच्या ओबेरॉय टॉवर्सची आधी हिल्टन टॉवर्स झाली, आणि २००८ साली तिला ट्रायडंट हे नाव मिळाले. लीला हे नाव दिल्ली-बंगळुरूच्या हॉटेलांसह २०१९ साली ब्रुकफील्ड या परदेशी कंपनीने विकत घेतले. मुंबईतले मूळचे लीला मात्र जुन्याच धन्याकडे राहिले. २०२१ च्या जूनमध्ये तर विमानतळाजवळच्या हयात रिजन्सीने धन्याकडे पगारापुरतेही पैसे नाहीत म्हणून दारे लावली. हयातची साखळी जगभर धडधाकट होती; येथला धनी खचला होता. ताऱ्यांचेही असेच. ते केंद्राच्या पर्यटन खात्याची समिती तपासणी करून देते, ठराविक मुदतीने पुन्हा तपासते. पण ते मागून घेणे हॉटेलच्या मर्जीवर असते. तारे खोल्या, उद्वाहने, सोयी मोजतात. सौजन्य मोजण्याची फूटपट्टी अद्याप कोणी काढलेली नाही.

ज्या तीन नावांची यादी सायखेड्याहून आली, त्यांच्यापुरते पाहू. ताजमहाल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. आज त्याच्यासमोर जे गेटवे ऑफ इंडिया दिसते त्याची कोनशिला १९१३ ची आणि पूर्तता १९२४ ची. म्हणजे वेशीच्या आधी वाडा! या वाड्याचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम तडीस नेले चेंबर्स या इंग्रजाने. वैद्यांचे मराठी नाव त्या घुमटाखाली आहे, हे नानांना जरूर सांगावे. वॉटसन हॉटेलच्या दारातून परत पाठविल्यामुळे जमशेटजी टाटांनी इरेला पेटून ताज बांधले, ही गोष्ट वर्गात आम्हीही रंगवून सांगत असू. इतिहासकारांना तिचा पुरावा पक्का वाटत नाही, हे पुढे कळले. पण नोव्हेंबर २००८ च्या त्या रात्री ताजच्या नोकरवर्गाने स्वतः पळून न जाता पाहुण्यांना वाट काढून दिली, त्यांतल्या काहींनी प्राण गमावले, याला कोणत्याही दंतकथेची गरज नाही. ओबेरॉय-ट्रायडंटनेही तोच घाव सोसला. त्या घराण्याचे मोहनसिंग ओबेरॉय १९२२ साली सिमल्याच्या सेसिल हॉटेलात दरमहा ५० रुपयांवर कारकून होते, आणि बारा वर्षांनी सिमल्यातच त्यांनी स्वतःचे पहिले हॉटेल घेतले. राहता राहिले सहारचे मराठा. पाटीवर मराठा, आत एका भोजनगृहाचे नाव पेशवा पॅव्हेलियन आणि दुसऱ्याचे पेशावरी! आमच्या आनंदवल्लीला राहून गेलेल्या राघोबादादांनी १७५८ साली अटकेपार मजल मारली, तिचे असे स्मारक होईल हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

आता पैशाची गोष्ट. आणि येथे सायखेड्याने मुंबईला दोन धडे द्यावेत अशी स्थिती आहे. या हॉटेलांत खोलीचा भाव रोज, किंबहुना प्रहराप्रहराला बदलतो. मध्यमवर्गीय माणसाला यात काही गौडबंगाल वाटते. सायखेड्याच्या कांदा लिलावात उभे राहिलेल्याला वाटू नये. आवक कमी तर भाव चढा, आवक दाटली की पडता. भेद एवढाच की कांदा चाळीत चार महिने टिकतो, द्राक्ष शीतगृहात काही आठवडे निघते. हॉटेलची खोली मात्र आज रात्री गेली नाही तर उद्या सकाळी तिची किंमत शून्य. इतका नाशवंत माल दुसरा नाही! मग भाव करण्यात लाज कसली? कचेऱ्यांच्या वस्तीतली हॉटेले शनिवार-रविवारी पुष्कळदा स्वस्त होतात, लग्नसराईत साऱ्यांचेच भाव चढतात. पैसे परत न मिळण्याच्या बोलीवर खोली स्वस्त देऊ करतात. ती घेऊ नये. ज्याची बाग एका अवकाळी पावसावर अवलंबून, त्याने परत न मिळणाऱ्या पैशांच्या करारात पडणे बरे नव्हे.

भावाखालची ओळही वाचावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. २०,००० ची खोली धरली तर ३,६०० कराचे. कांदा क्विंटलला हजार रुपयांनी गेला तर एका रात्रीत सुमारे साडेतेवीस क्विंटल कांदा संपला. जेवणाच्या बिलात सेवाशुल्क आपोआप जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. जोडलेले दिसल्यास शांतपणे काढावयास सांगावे. पाण्याच्या बाटलीसाठी मात्र छापील किमतीहून अधिक मागितले तर भांडू नये. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना ती मुभा दिली आहे. मोटार हॉटेलच्या माणसाच्या हाती लावायला दिली आणि ती चोरीस गेली, तर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे पावतीवर छापून हॉटेलला हात झटकता येत नाहीत, हेही त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितले. पावती जपून ठेवावी, एवढेच.

मग तिघांपैकी कोणते? पाहुणे विमानाने सहारला उतरणार आणि तिसऱ्या दिवशी नाशिकचा रस्ता धरणार. त्यांना अपोलो बंदरपर्यंत नेऊन पुन्हा ठाण्याकडे आणण्यात दोन फेऱ्यांचे हाल आहेत. ५ जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे हा समृद्धी मार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला असला, तरी मुंबईच्या आतली गर्दी समृद्धीने कमी होत नाही. कामासाठी जाणाऱ्याने कामाजवळ उतरावे. म्हणून आमचे मत सहारच्या बाजूला पडते. मुंबई पाहावयास जाणाऱ्या कुटुंबाने विचारले असते तर कदाचित समुद्रकाठ सांगितला असता. दूरध्वनीवरचा सूर वाईट निघाला, तर मात्र आमचे हे मत फेकून द्यावे आणि दुसरे दार पाहावे. ताजचा चहा चुकतो म्हणून हळहळू नये. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो विमानतळावरून थेट कफ परेडपर्यंत जाते. दुपारी नानांना तीत बसवून हुतात्मा चौकात उतरवावे, तेथे क्षणभर उभे राहावे, आणि पायीपायी अपोलो बंदर गाठून वैद्यांचा घुमट दाखवावा. चहा तेथेच घ्यावा, खुर्चीत बसून, टोपी डोक्यावर ठेवून.

हे सारे आम्ही त्याला कळविले. काल पुन्हा त्याचा दूरध्वनी आला. नाना जाण्यास तयार आहेत. ताज, ओबेरॉय, मराठा यांत त्यांना रस नाही. त्यांनी एकच विचारले म्हणे, पहाटे चार वाजता चहा मिळेल ना? मिळेल. अशा हॉटेलांत खोलीवरची सेवा चोवीस तास चालू असते. चहा किती रुपयांचा, हे नानांना सायखेड्यास परतल्यावर सांगावे.