‘उपयोग काय?’ थांबा जरा!

प्रॅक्टिकलमधला पोलरायझरचा प्रयोग आठवतोय? चकती फिरवायची, उजेड कमी-जास्त होतो, रीडिंग घ्यायचं, जर्नल सबमिट करायचं. मग कुणीतरी विचारतंच, ‘याचा पुढे उपयोग काय?’ प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तर याच सेमिस्टरला मिळालं पाहिजे, हा हट्ट चुकीचा आहे.

१९५६ची गोष्ट. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. पंचरत्नम हा २२ वर्षांचा तरुण अशाच पोलराइझ्ड प्रकाशात डोकं घालून बसला होता. पोलरायझेशन म्हणजे प्रकाशलहर कोणत्या दिशेने थरथरते ते. ही दिशा टप्प्याटप्प्याने बदलत पुन्हा मूळ जागी आणली, तरी लहर जशीच्या तशी परतत नाही. तिचे चढ-उतार थोडे पुढे-मागे सरकलेले असतात, असं त्याने मांडलं. पेपर छापून आला आणि जवळपास तीस वर्षं फारसं कुणी वळून पाहिलं नाही. १९८४मध्ये ब्रिटनच्या मायकेल बेरी यांनी याच जातीची कल्पना क्वांटम भौतिकशास्त्रात मांडली, तेव्हा बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी तो जुना पेपर पुढे केला. बेरींनीही मोकळ्या मनाने श्रेय दिलं. ते ऐकायला पंचरत्नम नव्हते. १९६९मध्येच, अवघ्या पस्तिशीत ते गेले.

आज ‘पंचरत्नम-बेरी फेज’ हे नाव मेटासरफेसच्या संशोधनात पदोपदी भेटतं. मेटासरफेस म्हणजे सपाट काचेवर उभे केलेले असंख्य सूक्ष्म खांब. हार्वर्डमध्ये फेडेरिको कपासो यांच्या गटाने २०१६मध्ये अशी सपाट भिंग बनवली. त्यातले खांब टायटॅनियम डायऑक्साइडचे होते, उंची फक्त ६०० नॅनोमीटर. केसाची जाडी याच्या शंभरपट तरी भरेल. गंमत म्हणजे सगळे खांब सारखेच, फक्त प्रत्येक वेगळ्या कोनात वळवलेला. कोन जितका, त्या प्रमाणात तिथली लहर सरकते. म्हणजे जाड, फुगीर काचेचं काम नुसत्या कोनांच्या हिशेबावर होतं.

हेच खांब मध्याभोवती गोलाकार क्रमाने वळवत नेले, तर प्रकाशालाच पीळ बसतो! लहर जिन्यासारखी गोल फिरत पुढे जाते, मधोमध अंधार आणि भोवती उजेडाचं कडं. अशा प्रकाशाने सूक्ष्म कण फिरवता येतात. वेगवेगळ्या पिळांच्या झोतांवर वेगवेगळे संदेश एकाच वेळी पाठवण्याचे प्रयोगही झालेत. सपाट भिंग तर प्रयोगशाळेबाहेर पडली. हार्वर्डमधल्या संशोधनातूनच निघालेल्या ‘मेटालेन्झ’ कंपनीचं तंत्र २०२२मध्ये अंतर मोजणाऱ्या सेन्सरमधून बाजारात आलं.

१९५६मध्ये पंचरत्नम यांना कुणी ‘उपयोग काय?’ विचारलं असतं, तर यातलं एकही उत्तर त्यांच्याकडे नसतं.

एज्युकेशन लोन, प्लेसमेंटचं टेन्शन, घरच्यांच्या अपेक्षा, सगळं खरं आहे. प्रत्येकाने संशोधक व्हावं, असं कुणी म्हणत नाही. पण ज्याला व्हायचंय, त्याला तरी आपण ‘स्कोप नाही रे’ म्हणून गप्प करू नये. आणि कॉलेजांनी वर्षातून एक प्रॅक्टिकल असं द्यावं, ज्याचं रीडिंग सिनिअरच्या जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं नसेल.

‘उपयोग काय?’ याला ‘अजून माहीत नाही, बघतोय’ हेही उत्तर असतं. त्यालाही मार्क मिळायला हवेत.