कुत्र्यांना बांध कळत नाही

खानापूर तालुक्यात भात-रताळी पिकवणाऱ्याला रानडुकरांचा जाच नवा नाही. रात्रभर माळ्यावर बसून डबे बडवले तरी पहाटे वेल उकरलेले दिसतातच. म्हणून कुत्री घेऊन शिकारी आले की शेतकरी गप्प बसतो. एक डुक्कर तरी कमी होईल, शिवाय वाटा घरी येईल! पण कुत्र्यांना बांध कळत नाही. ती शेजारच्या उभ्या भातात घुसतात, मागोमाग भाले-काठ्या घेतलेली माणसे. शिकारी निघून जातात आणि तुडवलेल्या पिकावरून भाऊबंदांत भांडण लागते.

आपल्यापैकी अनेकांची जमीन गावी आणि बिऱ्हाड बेळगावात. त्यांनी हे नीट समजून घ्यावे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कुत्र्यांकरवी डुक्कर मारणे हीसुद्धा शिकारच आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये उभे पीक नासणाऱ्या जनावराला मारण्याची लेखी परवानगी मिळण्याची तरतूद आहे. वन खात्याकडून नुकसानभरपाईही मिळते. मग शेतकरी अर्ज का करीत नाही? पुष्कळदा कन्नड अर्ज त्याला वाचताच येत नाही. मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही आपली जुनी मागणी, पण आपण भांडतो पाट्यांवरून. या अर्जासाठी कोण भांडणार? तोवर कन्नड येणाऱ्या आपल्या मुलांनी सुट्टीत गावी जाऊन अर्ज भरून द्यावेत. आणि शिकाऱ्यांना बांधावरूनच परत पाठवावे, मग ते आपले पाहुणे का असेनात.