बागेला दुपारचे कुलूप

आमच्या घराजवळच्या सार्वजनिक बागेच्या फाटकावर पत्र्याची पाटी आहे. सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते आठ. खाली सूचना : फुले तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये, चेंडू खेळू नये. बाग कशासाठी आहे, ते मात्र पाटीवर कुठेच नाही.

दहा ते चार बाग कोणाला हवी असते? मुलांना शाळेत धाडून, स्वयंपाक उरकून अकराला मोकळी होणारी गृहिणी. तिला डॉक्टरांनी साखरेसाठी रोज अर्धा तास चालायला सांगितलेले असते. चार घरची धुणीभांडी करून पाचव्या घरी जाण्याआधी घटकाभर टेकू पाहणारी बाई. रिक्षावाला, कुरिअरची पाकिटे वाहणारा पोरगा. सकाळी सहाला तिथे असतो तो आम्हा निवृत्तांचा घोळका. आम्हाला दिवसभर वेळच वेळ, शिवाय घरात पंखा आहे!

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत. गोळीबरोबर चालणेही हवे, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण चालायचे कुठे? फुटपाथवर स्कूटरी उभ्या असतात. उन्हाळ्यात तर दुपारची सावली हेही औषधच. झाड नुसते ऊन अडवत नाही, पानांतून पाण्याची वाफ सोडून भोवतालची हवाही थंड करते.

अहमदाबादने हे फार मोठी किंमत मोजून ओळखले. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. कडक उन्हाच्या दिवसांत बागा दुपारीही उघड्या ठेवणे, हा त्यातलाच एक साधा उपाय.

आमच्याकडे कुलूप का, असे मी माळीबुवांना विचारले. ‘दुपारी जोडपी येतात, गर्दुल्ले येतात. साहेब, मी एकटा कुठे कुठे बघू?’ जोडप्यांनी झाडाखाली बसल्याने कोणाची प्रकृती बिघडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. गर्दुल्ल्यांची भीती खरी आहे, विशेषतः बायकांना. पण तिच्यावर उपाय पहारेकरी. कुलपाने गर्दुल्ला भिंतीवरून आत जातो आणि बाई तेवढी बाहेर राहते.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी अठरा कामांची यादी दिली. सार्वजनिक आरोग्य, नागरी वनीकरण आणि बागा-मैदाने ही तिन्ही कामे त्याच यादीत आहेत. प्रत्यक्षात बाग म्हणजे ‘सुशोभीकरण’! कारंजे, रंगीत दिवे, प्लॅस्टरचा हरिण. उद्घाटनाची फीत कापता येते अशाच गोष्टींना पैसा मिळतो. दुसऱ्या पाळीच्या पहारेकऱ्याच्या पगाराची फीत कोण कापणार?

मुंबई-पुण्यासह राज्यातल्या अनेक महापालिकांत २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या आणि विचारायला माणसे मिळाली. आमच्या प्रभागातले भेटले, की रस्ता-गटाराबरोबर मी एवढेच विचारणार आहे : उद्यान खात्याच्या तरतुदीत कारंज्याला किती, आणि मार्च ते जून दुपारच्या पहारेकऱ्याला व पिण्याच्या पाण्याला किती?