बालचित्रपुस्तकांचे पुरस्कार आणि ग्रंथपाल-शिक्षकांचा अधिकार

मराठीत बालसाहित्यासाठी पुरस्कार बरेच आहेत. परंतु पुरस्कारयोग्य पुस्तक कोणी निवडावे, हा प्रश्न आपल्या समीक्षेत क्वचितच उपस्थित झाला आहे. लेखकाच्या कृतीचे मूल्यमापन लेखकाने अथवा प्राध्यापकाने करावे, ही रीत आपण गृहीत धरली आहे. प्रौढ वाङ्मयापुरती ती चालून जाते. चित्रपुस्तकाच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते. तेथे ग्रंथपाल आणि शिक्षक यांना निवडीचा प्रत्यक्ष अधिकार असला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम ‘सचित्र पुस्तक’ आणि ‘चित्रपुस्तक’ यांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. सचित्र पुस्तकातील चित्रे काढून टाकली तरी गोष्ट शिल्लक राहते. चित्रपुस्तकात तसे होत नाही. तेथे शब्द जे सांगतात त्याहून वेगळे, प्रसंगी त्याच्या विरुद्धही, चित्र सांगत असते आणि या दोहोंच्या संबंधातून अर्थ सिद्ध होतो. तो अर्थ पूर्णत्वाला जातो तो मोठ्याने वाचणारे माणूस आणि चित्रावर बोट ठेवून पाहणारे मूल यांच्या दरम्यान. या दृष्टीने चित्रपुस्तकाचे नाते नाट्यसंहितेशी अधिक जवळचे आहे. प्रयोग न पाहता नाटकाविषयी अखेरचा निर्णय देणे जसे धाडसाचे, तसेच मुलांसमवेत एकदाही न वाचता चित्रपुस्तकाविषयी निर्णय देणे धाडसाचे ठरते.

आपल्याकडील पुरस्कारांची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्र शासनाच्या यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाला स्वतंत्र स्थान आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. बालकवी, साने गुरुजी, राजा मंगळवेढेकर, भा. रा. भागवत, यदुनाथ थत्ते, ना. धो. ताम्हनकर अशी आदरणीय नावे या पुरस्कारांना दिलेली आहेत. मात्र विभागणी कविता, कादंबरी, कथा, नाटक, सर्वसामान्य ज्ञान आणि संकीर्ण अशी, म्हणजे शब्दाधिष्ठित आहे. चित्रपुस्तक यांपैकी कोणत्या खणात बसवावे? चित्रकार हा सहलेखक असतो, ही जाणीव या वर्गीकरणात उमटलेली नाही. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला आणि २०१४ साली तो माधुरी पुरंदरे यांना मिळाला. त्या स्वतःच लिहितात व चित्रेही काढतात. त्यामुळे तेथे हा पेच सहज सुटला. टाटा ट्रस्ट्सच्या ‘बिग लिटल बुक’ पुरस्काराने २०१६ साली लेखक आणि चित्रकार यांना वेगवेगळे गौरविले. त्या वर्षीचा लेखनाचा सन्मान पुरंदरे यांना आणि चित्रांचा अतनु रॉय यांना देण्यात आला. हे पाऊल योग्य दिशेचे होते.

अन्यत्र हा विचार पूर्वीच झाला आहे. अमेरिकेत १९३८ पासून चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला दिले जाणारे कॅल्डेकॉट पदक तेथील ग्रंथालय संघटनेच्या बालविभागाकडून दिले जाते. निवड समितीचे सदस्य वर्षभर पुस्तके वाचतात आणि मग एकत्र बसून चर्चा करतात. विशेष म्हणजे, पदक बोधासाठी नाही आणि लोकप्रियतेसाठीही नाही, असे त्यांचे निकष स्पष्टपणे सांगतात. ब्रिटनमधील ग्रंथपालांच्या संघटनेने १९५५ साली केट ग्रीनअवे पदक सुरू केले आणि पहिल्याच वर्षी एकही पुस्तक त्या योग्यतेचे न वाटल्याने ते कोणालाच दिले नाही. पुरस्कार राखून ठेवण्याचे असे धैर्य ज्यांच्या अंगी असते, त्यांच्याच निवडीला वजन प्राप्त होते.

आता निलंग्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी उभे राहून हाच प्रश्न पाहू. येथील एकाच वर्गात मराठवाडी मराठी, सीमेकडील कन्नड, दखनी आणि गोरमाटी अशा घरभाषा घेऊन मुले बसतात. त्यांना प्रमाण मराठीचा शब्द परका असतो. चित्र मात्र लगेच आपले होते. साहजिकच त्यांचे पहिले वाचन चित्राचेच असते. परंतु आपल्या पुस्तकांतील ‘घर’ बहुधा उतरत्या कौलांचे. या भागातील जुने घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर सपाट माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात अशीच घरे माणसांवर कोसळली. त्यानंतरच्या पिढीचे घर पत्र्याचे किंवा पुनर्वसनातील सिमेंटचे आहे. ‘आसलं घर कुठं आसतंय, सर?’ असे मूल विचारते, तेव्हा ती चित्राची समीक्षाच असते. ती समीक्षा पुण्या-मुंबईच्या परीक्षकाच्या कानी पडत नाही. शिक्षकाच्या आणि ग्रंथपालाच्या कानी रोज पडते. मुलांनी परके काही पाहूच नये, असे येथे मुळीच अभिप्रेत नाही. निवडणाऱ्याला परकेपणा कोठे आहे आणि तो मुलाला खुलवतो की गप्प करतो, हे ठाऊक असावे, एवढाच मुद्दा आहे.

यात केवळ गौरवाचा प्रश्न गुंतलेला नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यात अकरा हजारांच्या घरात सार्वजनिक ग्रंथालये मान्यता पावली आहेत. त्यांतील ‘क’ आणि ‘ड’ वर्गातील ग्रंथालयांची बालविभागासाठीची रक्कम अल्प असते. अशा ठिकाणी पुरस्काराची मुद्रा असलेले पुस्तक आधी घेतले जाते. म्हणजे पुरस्कार ही गावातील कपाटापर्यंत जाणारी वाट आहे. त्या वाटेवरून काय येणार, हे ज्यांच्या हाती कपाटाची किल्ली असते त्यांना कोणी विचारत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. ग्रंथपालांना चित्रकलेचे शिक्षण नसते, हा पहिला. तो खरा आहे. म्हणूनच समितीत चित्रकार हवाच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलांमध्ये वावरणाऱ्यांची नजरही आंधळी असू शकते. १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी अमेरिकेतील पाच हजारांहून अधिक बालपुस्तके तपासली, तेव्हा कृष्णवर्णीय व्यक्ती आढळल्या त्या जेमतेम सात टक्के पुस्तकांत. ग्रंथपालांचे वजन असलेल्या देशातही हे घडले. अर्थात त्याच देशात १९६३ साली एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘द स्नोई डे’ला, बर्फात खेळणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलाच्या साध्या गोष्टीला, कॅल्डेकॉट पदक मिळाले होते, हेही विसरता येत नाही. तात्पर्य, ग्रंथपाल असणे एवढेच पुरेसे नाही; समिती वेगवेगळ्या प्रदेशांतील, जातिसमूहांतील आणि भाषांतील माणसांची असावी लागते.

म्हणून एक व्यवहार्य सूचना करावीशी वाटते. राज्य पुरस्कारांत चित्रपुस्तकासाठी स्वतंत्र विभाग असावा आणि त्याचा मान लेखक व चित्रकार यांना समान मिळावा. अंतिम फेरीतील पुस्तके प्रत्येक महसूल विभागातील काही तालुका ग्रंथालयांत आणि शाळांत तीन महिने ठेवावीत. ग्रंथपाल व शिक्षकांनी ती मुलांसमवेत वाचून टिपणे लिहावीत. मूल कोठे थांबले, कोठे मागे गेले, कोणते पान पुन्हा मागितले, याची ती टिपणे असावीत. मतदानाचे आकडे नकोत. निर्णय समितीनेच घ्यावा, पण समितीत निम्म्या जागा या मंडळींच्या असाव्यात आणि या कामाचे मानधन त्यांना मिळावे. तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्या ग्रंथपालाकडून हेही विनामूल्य करून घेणे उचित नव्हे.

विद्यापीठांच्या मराठी विभागांनाही येथे काम आहे. ही टिपणे जतन झाली आणि अभ्यासली गेली, तर बालसाहित्याच्या समीक्षेला आजवर न मिळालेली सामग्री हाती येईल. माळवदाच्या घराविषयी विचारणाऱ्या मुलाचे वाक्य कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे. ते वाक्य वाचून निर्णय देणारी समिती, आजच्या समितीपेक्षा अधिक अधिकाराने बोलू शकेल.