विधी महाविद्यालये आणि कच्चे कैदी

मानवी हक्क हा विषय आपल्या विद्यापीठांत पुष्कळ वर्षे शिकविला जात आहे. जाहीरनामे, करार आणि राज्यघटनेची कलमे विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतात, आणि १० डिसेंबर उजाडला की फलक घेऊन फेरीही निघते. परंतु ज्याचे हक्क प्रत्यक्ष पायदळी तुडविले जात आहेत अशा एकाही मनुष्याची कैफियत न ऐकता, ती कागदावर न उतरविता, आणि तिचा निकाल लागेपर्यंत कचेऱ्यांचे उंबरठे न झिजविता विधी शाखेची पदवी हाती पडू शकते, हे त्या शिक्षणाचे मोठेच वैगुण्य म्हटले पाहिजे.

नियमांची वाण नाही. विद्यापीठांतील व विधी महाविद्यालयांतील विधी सेवा केंद्रांना उत्तेजन देऊन त्यांच्यावर देखरेख करण्याचे काम १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने राष्ट्रीय प्राधिकरणाकडे सोपविले, आणि बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी असे केंद्र चालविणे महाविद्यालयांना बंधनकारक केले. केंद्रे निघालीही, मात्र अनेक ठिकाणी त्यांचे दप्तर म्हणजे एक पाटी, एक नोंदवही आणि जवळच्या खेड्यात भरविलेल्या शिबिराची छायाचित्रे.

मुंबईच्या कोठड्यांत स्त्रीकैद्यांना मारहाण होते, असे पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळविले, तेव्हा न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानून ‘निर्मला निकेतन’ या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन, अन्य कोणी हजर नसताना, त्या स्त्रियांच्या मुलाखती घेण्यास सांगितले. स्त्रीकैद्यांना कायद्याच्या साहाय्याची पुरेशी व्यवस्था नाही, एवढेच नव्हे तर दोन परदेशी स्त्रियांना एका वकिलानेच लुबाडले आहे, हे त्या अहवालातून उघड झाले. आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या असाव्यात, अटकेची खबर तत्काळ विधी साहाय्य समितीस द्यावी, असे निर्देश १९८३ च्या निकालात आले. हे काम समाजकार्याच्या महाविद्यालयाने केले, कायद्याच्या नव्हे, ही गोष्ट विधी शिक्षकांनी थोडी मनाला लावून घ्यावी.

आज तर काम अधिक नेमके झाले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, फाशी वा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या निम्मी मुदत, आणि पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्याने एक तृतीयांश मुदत कोठडीत काढली, की त्याच्या सुटकेसाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज करणे हे तुरुंग अधीक्षकाचे कर्तव्य ठरते. अटकेची तारीख, लावलेली कलमे, अन्य खटला प्रलंबित आहे काय, हे एकेका कच्च्या कैद्याबाबत तपासून हिशेब मांडणे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सहज जमण्यासारखे आहे. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आत राहिलेल्याचे घर शोधणे, शिधापत्रिका मिळविणे, जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज लिहिणे, आणि आरोपीस हजर न केल्यामुळे पुढची तारीख पडल्याच्या नोंदी रोजनाम्यातून वेचणे, यांतून राज्यघटनेचे एकविसावे कलम जितके उमगेल तितके व्याख्यानांतून उमगणार नाही. अभिरूप न्यायालयातला कल्पित आरोपी स्पर्धा संपताच नाहीसा होतो. हा होत नाही.

यावर आक्षेप येतील आणि ते क्षुल्लक नाहीत. विद्यार्थ्याला न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार नाही; पूर्णवेळ पगारी अध्यापकालाही वकिली करण्याची सामान्यतः मनाई आहे, म्हणजे शिकविणाऱ्यालाच ते काम वर्ज्य. सत्र संपते, खटला संपत नाही. शिवाय गरिबाच्या स्वातंत्र्यावर नवख्यांनी हात बसवून घ्यावा काय, हा प्रश्न तर सर्वांत गंभीर आहे, आणि अनुभवी वकिलाने वाचल्याविना एकही कागद केंद्राबाहेर जाता कामा नये, हेच त्याचे उत्तर. ही जोखीम मी मान्य करतो. परंतु ज्याचा अर्ज कोणीच लिहीत नाही त्याची स्थिती याहून वाईट आहे.

तेव्हा केंद्राच्या प्रकरणांपुरती अध्यापकांना न्यायालयात उभे राहण्याची मुभा बार कौन्सिलने द्यावी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी आपल्या वकिलांना या केंद्रांशी जोडून द्यावे, आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी येत्या वर्षापासून फेऱ्यांचे व शिबिरांचे गुण काढून घेऊन ते एका कैद्याच्या एका प्रकरणाच्या पूर्ण दप्तराला द्यावेत.